गंधपुष्पाचा दवाखाना



आपल्या विहारात रविवारी मुलांचा धम्मवर्ग भरतो. गेल्या वर्षावासात मी तिथे बौद्ध देशांची माहिती सांगत होतो. श्रीलंका झाली, ब्रह्मदेश झाला, थायलंड झालं आणि कंबोडियावर आलो. अंकोरवाटचं चित्र मुलांना दाखवलं. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, त्या देशात तर माणसांनी आपल्याच माणसांना लाखांनी मारलं ना? मग तो बौद्ध देश कसा?"

मी गडबडलो. त्या दिवशी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं आणि घरी आलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी काही पदवीधर इतिहासकार नाही. गिरणीत उभं आयुष्य गेलेला माणूस, वाचायची सवय लागली ती चळवळीमुळे. तेव्हापासून कंबोडियाबद्दल जे हाती लागेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता एका लहान मुलांच्या दवाखान्यापाशी येऊन थांबलो. मुलीच्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्यात आहे असं मी म्हणत नाही. पण त्या देशाचं मरण आणि पुन्हा उठून उभं राहणं, दोन्ही त्या एका दवाखान्याच्या भिंतींनी पाहिलेलं आहे.

दवाखान्याचं नाव कंथा बोफा. नाव ऐकून आपल्याला काही बोध होत नाही, पण ख्मेर भाषेत पाली-संस्कृत शब्द पुष्कळ आहेत, फक्त उच्चार बदललेले. कंथा म्हणजे गंध आणि बोफा म्हणजे पुप्फ. आपण रोज पूजेत ज्या फुलाचं आणि सुगंधाचं नाव घेतो तेच हे दोन शब्द. कंबोडियाचे राजे नरोत्तम सिहानुक यांच्या एका मुलीचं हे नाव होतं. १९५२ साली चार वर्षांची असताना ती ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेली. राजाची मुलगी असून वाचली नाही. पुढे बापाने राजधानी नॉम पेन्हमध्ये मुलांसाठी दवाखाना काढला आणि त्याला तिचं नाव दिलं.

आता त्या काळाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. शेजारी व्हिएतनाममध्ये अमेरिकेचं युद्ध चाललं होतं. सिहानुक दोन्हीकडून अंग राखून होते. मार्च १९७० मध्ये सेनापती लॉन नोल यांनी त्यांची सत्ता उलथवली आणि कंबोडिया त्या वणव्यात पुरता सापडला. अमेरिकेच्या विमानांनी ऑगस्ट १९७३ पर्यंत त्या शेतकऱ्यांच्या देशावर पाच लाख टनांच्या आसपास बॉम्ब टाकले. पाच लाख टन! भाताची खाचरं, ताडाची झाडं आणि बांबूची घरं, यावर. खेड्यातली माणसं जीव घेऊन राजधानीत पळाली. आणि जे पळाले नाहीत त्यांतले कित्येक तरुण जंगलात ख्मेर रूज नावाच्या बंडखोरांना जाऊन मिळाले. त्यांचा पुढारी पोल पॉट.

अशा वेळी १९७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या रेड क्रॉसने एका तरुण डॉक्टरला कंथा बोफा दवाखान्यात पाठवलं. त्यांचं नाव डॉ. बेआट रिखनर, जन्म १९४७ चा, झुरिच शहरातले. नुकतेच लहान मुलांचे डॉक्टर म्हणून काम शिकत होते. म्हणजे वय सत्तावीस. शहराला वेढा पडलेला, वर रॉकेट पडत होते, मेकाँग नदीतून येणारं धान्य थांबत चाललेलं. निर्वासितांची हाडं दिसणारी मुलं दवाखान्यात रोज येत होती. हा माणूस तिथे वर्षभरही पुरता राहू शकला नाही.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजचं सैन्य नॉम पेन्हमध्ये शिरलं. काळे कपडे घातलेली, पंधरा-सोळा वर्षांची बंदूकधारी पोरं. लोकांना वाटलं, झालं एकदाचं, युद्ध संपलं. काही ठिकाणी लोकांनी त्यांचं स्वागतही केलं. पण काही तासांतच हुकूम सुटला, शहर खाली करा. निर्वासित धरून शहराची वस्ती वीस लाखांच्या पुढे गेलेली होती. सगळ्यांना रस्त्यावर काढलं. दवाखाने देखील सोडले नाहीत. शस्त्रक्रिया झालेले रोगी, पाय तुटलेले रोगी, काहींना नातेवाईक खाटेसकट ढकलत नेत होते, सलाईनची बाटली वर धरून. हे त्या वेळी तिथे अडकलेल्या परदेशी बातमीदारांनी आणि पाद्र्यांनी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. डॉ. रिखनर यांना मायदेशी परतावं लागलं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ख्मेर माणसांना परतायला दुसरा देश नव्हता.

पुढची तीन वर्षं, आठ महिने आणि वीस दिवस त्या देशात काय झालं ते मी इथे रंगवून सांगणार नाही. मुलं हा अंक वाचतील. पैसा बंद, बाजार बंद, टपाल बंद, शाळा बंद. एका शाळेचा तर तुरुंग केला, त्या तुरुंगाचं नाव तुओल स्लेंग. देशाची लोकसंख्या अंदाजे ऐंशी लाख. त्यांतली पंधरा ते वीस लाख माणसं उपासमारीने, रोगाने, कष्टाने आणि कत्तलीने मेली. शिकलेला माणूस म्हणजे शत्रू. चष्मा लावला तरी संशय. युद्धाआधी देशात पाचशेच्या आसपास डॉक्टर होते असं सांगतात. १९७९ साली त्यांतले देशात जिवंत सापडले ते चाळीस-पन्नास.

आणि धम्माचं काय? मुलीचा प्रश्न इथे येतो. ख्मेर रूजने साठ हजारांवर भिक्खूंची चीवरं उतरवली. कित्येकांना शेतात जुंपलं, कित्येकांना मारलं. संघनायक हुओत तात यांनाही मारलं. विहारांची कोठारं केली, तुरुंग केले. तेव्हा बौद्ध धम्माने हे केलं असं कुणी म्हणू नये, धम्म स्वतःच त्या कत्तलीत बळी गेला. हे अर्धं उत्तर झालं. दुसरं अर्धं कडू आहे. हे मारणारे लोक आकाशातून पडले नव्हते. ते बौद्ध आयांच्याच पोटी आलेले. खुद्द पोल पॉट लहानपणी नॉम पेन्हच्या एका विहारात श्रामणेर म्हणून राहिलेला होता. विहारात राहिला म्हणून माणूस घडतोच असं नाही, हे आपण आपल्या मुलांना लपवून ठेवू नये असं माझं मत आहे.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामच्या फौजेने नॉम पेन्ह घेतलं आणि पोल पॉटची राजवट पडली. तेव्हा ती राजधानी रिकामी होती. त्याच वर्षी जुलै महिन्यात युनिसेफचे जॅक बोमाँ आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे फ्रांस्वा ब्युन्यों हे दोघे जण दोन दिवसांसाठी तिथे जाऊ शकले. ऑगस्टमध्ये ऑक्सफॅम या इंग्लंडमधील संस्थेचे जिम हॉवर्ड पोहोचले. हे पेशाने इंजिनिअर. दवाखान्यांत औषध नाही, साधनं नाहीत, जमिनीवर मुलं झोपलेली आणि ती वाचतील कशी हे सांगायलाही डॉक्टर नाही, अशा बातम्या या माणसांनी बाहेर आणल्या. ऑक्टोबर १९७९ मध्ये पत्रकार जॉन पिल्जर यांचा माहितीपट इंग्लंडच्या दूरदर्शनवर दाखवला गेला आणि लोक हादरले. तिथल्या 'ब्लू पीटर' नावाच्या मुलांच्या कार्यक्रमाने मदतीची हाक दिली. मुलांनी घरची जुनी खेळणी, पुस्तकं विकली. एक लाख पौंड जमवायचे ठरवले होते, जमले तीस लाखांहून जास्त. मुलांनी मुलांसाठी जमवलेले पैसे! हे वाचताना मला बरं वाटलं.

पण सरकारांचं बघा. व्हिएतनामने देश सोडवला, आणि व्हिएतनाम रशियाचा मित्र. म्हणून अमेरिका, चीन आणि त्यांच्या बाजूच्या देशांनी नवं सरकार मानलंच नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मत झालं आणि कंबोडियाची खुर्ची ठेवली गेली पोल पॉटच्याच बाजूकडे. ज्यांनी डॉक्टर मारले त्यांचा प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये बसणार, आणि ज्या दवाखान्यात मुलं मरताहेत त्याला विकासाची मदत मिळणार नाही! तातडीची मदत, तांदूळ वगैरे, आली. पण दवाखाना बांधणं, डॉक्टर तयार करणं, पाण्याची योजना, याला 'विकास' म्हणतात आणि ती दहा-बारा वर्षं अडली. आपल्या देशाने मात्र जुलै १९८० मध्ये त्या नव्या सरकारला मान्यता दिली, आणि १९८६ ते १९९३ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी अंकोरवाटच्या दुरुस्तीचं काम केलं. भारताच्या बाबतीत आपण नेहमी टीका करतो, म्हणून ही चांगली गोष्टही नोंदवली पाहिजे.

या सगळ्या अंधारात एक प्रसंग आठवणीत ठेवण्यासारखा आहे. सप्टेंबर १९७९. नॉम पेन्हच्या उन्नालोम विहारात सात वयस्क माणसांना पुन्हा उपसंपदा दिली गेली. देशात संघ उरलाच नव्हता, म्हणून दक्षिण व्हिएतनाममध्ये राहणाऱ्या ख्मेर भिक्खूंना बोलवावं लागलं. सात भिक्खूंपासून पुन्हा सुरुवात. आपण १९५६ साली नागपूरला लाखोंनी दीक्षा घेतली, आपला आरंभ गर्दीचा आहे. त्यांचा पुनरारंभ सात जणांचा.

आता दवाखान्याकडे येतो. ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला शांतता करार झाला. नोव्हेंबरमध्ये सिहानुक देशात परतले. आणि डिसेंबरमध्ये डॉ. रिखनर पुन्हा नॉम पेन्हला आले. मधल्या सोळा वर्षांत त्यांनी झुरिचमध्ये स्वतःचा दवाखाना थाटला होता. चांगला चालत होता. त्यांना चेलो नावाचं मोठं तंतुवाद्य वाजवता येत असे, म्हणजे आपलं सारंगीच्या जातीचं समजा, पण माणसाएवढं उंच. 'बेआटोचेलो' असं नाव घेऊन ते विनोदी कार्यक्रमही करत. सांगायचं म्हणजे, त्यांना काही कमी नव्हतं. एका भेटीसाठी आले होते. कंथा बोफा दवाखाना पडक्या अवस्थेत होता. सिहानुकांनी आणि सरकारने त्यांना विचारलं, हा पुन्हा उभा करून चालवाल का? ते हो म्हणाले. मार्च १९९२ मध्ये झुरिचला त्यासाठी संस्था काढली, स्वित्झर्लंडमधल्या सामान्य माणसांकडून पैसे मागितले आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये दवाखान्याचं दार उघडलं. पहिल्या भेटीपासून वर्षसुद्धा झालं नव्हतं.

दार उघडलं आणि गर्दी लोटली. खेड्यापाड्यातून बैलगाडीने, मोटारसायकलवर, आया मुलं घेऊन येत. क्षयरोग, मेंदूज्वर, हगवण, कुपोषण, डेंगी. पैसे घ्यायचे नाहीत हा पहिला नियम. दुसरा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी तिथल्या सरकारी डॉक्टरला, परिचारिकेला महिन्याला वीसेक डॉलर मिळत. त्यात घर चालत नाही. मग काय होणार? रोग्याच्या नातेवाइकांपुढे हात पसरला जाणार, औषधं बाजारात जाणार. रिखनर यांनी ठरवलं की आपल्या माणसांना जगता येईल एवढा पगार द्यायचा, आणि मग एका पैशाची लाच सहन करायची नाही. आपल्याकडे लाचेवर भाषणं पुष्कळ होतात, पण पगाराचं कुणी बोलत नाही. गिरणी कामगाराला हे समजावून सांगावं लागत नाही. पोटाला पुरेल एवढी मजुरी हा कारभार स्वच्छ ठेवण्याचा पहिला उपाय आहे.

पुढे दवाखाना वाढत गेला. १९९६ मध्ये नॉम पेन्हला दुसरा, १९९९ मध्ये अंकोरजवळच्या सिएम रीपला तिसरा, मग आणखी. २००१ मध्ये सिएम रीपला प्रसूतिगृह काढलं, कारण आईकडून बाळाला एड्सची लागण होत होती आणि ती बाळंतपणातच अडवायची होती. डॉक्टर-परिचारिका जवळजवळ सगळे कंबोडियाचेच, परदेशी माणसं बोटांवर मोजण्याएवढी. ज्या देशातले डॉक्टर मारून टाकले होते त्या देशाने पुन्हा आपले डॉक्टर घडवले.

आता वादाचं सांगतो. तो वाद आपल्या कामाचा आहे.

रिखनर यांनी दवाखान्यात चांगली प्रयोगशाळा केली, सी.टी. स्कॅनचं यंत्र आणलं, महागडी औषधं वापरली. तेव्हा आंतरराष्ट्रीय आरोग्य क्षेत्रातले काही तज्ज्ञ म्हणू लागले, ही रोल्स रॉइस मोटारीसारखी वैद्यकी झाली, गरीब देशाला हे परवडणारं नाही. देशाच्या ऐपतीप्रमाणे उपचार हवेत. रिखनर चिडत. गरीब देशासाठी गरीब औषध हेच तुमचं धोरण आहे, असा त्यांचा उलटा आरोप होता. क्लोरॅम्फेनिकॉल हे स्वस्त औषध श्रीमंत देशांत मुलांना सहसा देत नाहीत, कारण क्वचित का होईना ते हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाला घातक ठरतं. मग तेच औषध कंबोडियाच्या मुलाला का चालावं? क्षय मेंदूत किंवा पोटात लपलेला असेल तर यंत्राशिवाय तो सापडणार कसा? त्यांचं म्हणणं थोडक्यात हे, की झुरिचच्या मुलाला जे देईन तेच इथल्या मुलाला देईन.

मी दोन्ही बाजू वाचल्या. टीकाकारांना मूर्ख म्हणता येणार नाही. एका माणसाच्या नावावर आणि परदेशच्या देणग्यांवर दवाखाना चालवायचा, तो माणूस गेला म्हणजे काय? त्याच पैशात स्वच्छ पाणी आणि लसी किती गावांना देता येतील? हे प्रश्न खरे आहेत. आणि रिखनर यांचा स्वभाव फटकळ होता, समोरच्याचं ऐकून घ्यायची तयारी कमी. पण अखेरीस माझं मन त्यांच्याच बाजूला झुकतं, ते एका कारणाने. 'त्यांच्या ऐपतीप्रमाणे' हा शब्द आपण पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. वेगळी कपबशी, वेगळा पाणवठा, शाळेत बाहेर बसणं, हे सगळं 'त्यांच्या पायरीप्रमाणे'च होतं. बाबासाहेबांनी आपल्याला दुय्यम प्रतीचं मागायला शिकवलं नाही. गरीब मुलाच्या मेंदूला सूज आली तर ती गरीब सूज नसते. गिरणगावातल्या लोकांना विचारा. परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली झालं. चाळीतल्या किती पोरांना तिथे जीव मिळाला! लहान मुलांसाठी वेगळा, नीट दवाखाना जवळ असणं म्हणजे काय, हे ज्याने रात्री तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन धाव घेतली आहे त्यालाच ठाऊक.

डेंगीचं उदाहरण घ्या, कारण आता तो आपल्याही दारात आहे. मुलाला चार-पाच दिवस ताप असतो. मग ताप उतरतो. आईला वाटतं, सुटलो. आणि नेमका तोच काळ धोक्याचा. काही मुलांत रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपू लागतं, रक्त घट्ट होतं, हातपाय गार पडतात, नाडी लागत नाही. यावर मारा करणारं औषध नाही. शिरेतून पाणी द्यायचं, पण मोजून. कमी पडलं तर मूल जातं, जास्त झालं तर फुप्फुसात साठून जातं. तासातासाला बघणारी परिचारिका लागते, रक्ताची तपासणी लागते आणि रक्तस्राव झाला तर लगेच रक्त लागतं. २००७ साली कंबोडियात डेंगीची मोठी साथ आली, सुमारे ४० हजार रोगी आणि चारशेच्या वर मृत्यू. तेव्हा या दवाखान्यांत खाटा पुरल्या नाहीत.

आणि रक्त कुठून आणायचं? देशात एड्स आणि कावीळ पसरलेली, म्हणून प्रत्येक बाटली तपासायला हवी. शिवाय रक्त दिलं की अंगातली शक्ती जाते असा तिथल्या पुष्कळ लोकांचा समज. त्यावर रिखनर यांनी अजब तोड काढली. सिएम रीपला अंकोर बघायला जगभरचे प्रवासी येतात. तिथल्या दवाखान्याच्या सभागृहात ते शनिवारी संध्याकाळी स्वतः चेलो घेऊन बसत. प्रवेश फुकट. बाख नावाच्या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवत, मधेमधे दवाखान्याची हकीकत सांगत आणि शेवटी मागणी करत: तरुणांनी रक्त द्यावं, म्हाताऱ्यांनी पैसे द्यावेत आणि मधल्या वयाच्यांनी दोन्ही द्यावं. दिवसभर डॉक्टर, संध्याकाळी मागणारा. भिक्खू पात्र घेऊन फिरतो तसा हा वाद्य घेऊन बसे, असं मला वाटतं, जरी तो माणूस काही भिक्खू नव्हता आणि बौद्धही नव्हता. १४ एप्रिलला आपली मंडळं रक्तदान शिबिरं घेतात तेव्हा मला आता त्या सभागृहाची आठवण होते.

सिएम रीपच्या दवाखान्याला नाव दिलं आहे जयवर्मन सातवा. हे नाव उगीच नाही, आणि या राजाबद्दल सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. हा अंकोरचा बौद्ध राजा. ११८१ मध्ये गादीवर आला. त्याने आपल्या राज्यात १०२ आरोग्यशाळा चालवल्याची नोंद ता प्रोहम येथील शिलालेखात आहे. आरोग्यशाळांचे संस्कृत शिलालेखही सापडले आहेत, काही आजच्या थायलंडमध्ये, एक लाओसमधल्या साय फाँग येथे. त्यावर शके ११०८ आहे, म्हणजे इ. स. ११८६. प्रत्येक आरोग्यशाळेत भैषज्यगुरू बुद्धाची मूर्ती. किती वैद्य, किती सेवक, मध, तूप, तीळ, मिरी, कापूर किती द्यायचा, याचा हिशेब दगडावर कोरलेला. प्रजेच्या अंगातला रोग राजाला स्वतःच्या दुखण्याहून जास्त छळत असे, अशा अर्थाचं त्यात म्हटलं आहे. राजाची स्तुती राजाचेच कवी करणार, ते सोडून द्या. आणि या आरोग्यशाळांना तांदूळ पुरवायला ८३८ गावं लावून दिली होती, त्या गावकऱ्यांना कुणी विचारलं नसणार, हेही लक्षात ठेवा.

पण त्याच लेखात एक नियम आहे तो वाचून मी थांबलो. इथे चारही वर्णांच्या लोकांवर उपचार व्हावेत. ११८६ साली, दगडावर! त्याच शतकात आपल्या देशात शूद्राला आणि अतिशूद्राला काय वागणूक होती ते मी सांगायला नको. चार वर्णांच्या बाहेर ढकललेल्यांचं काय, असं कुणी विचारील. तिथे आपल्यासारखी अस्पृश्यता होती असं माझ्या वाचनात आलेलं नाही. आपल्याकडे तर विसाव्या शतकातही मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का? तर धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि आपल्या तोंडाचं सूत दुसऱ्याला चालत नसे. रिंग खात्यात या, तिथे पगार कमी, तिथे चालेल. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. आठशे वर्षांपूर्वी एका बौद्ध राजाने रोग्याची पायरी पाहू नका म्हटलं, आणि आपल्याला मात्र सुताच्या टोकासाठी भांडावं लागलं.

विनयपिटकात एक प्रसंग येतो. हगवण लागलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. कुणी त्याची विचारपूस करत नव्हतं, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ धुवून खाटेवर निजवलं. हा प्रसंग आपण वर्षावासात ऐकतो आणि डोळे पुसून घरी जातो. कंबोडियाचे भन्ते महाघोषानंद यांनी तो पायांनी जगून दाखवला. हे नालंदा येथे शिकलेले, म्हणजे आपल्याच भूमीवर. त्यांच्या घरची माणसं पोल पॉटच्या काळात गेली. १९९२ साली, जेव्हा रस्त्यांच्या कडेला सुरुंग पेरलेले होते, तेव्हा त्यांनी थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांतले निर्वासित बरोबर घेऊन नॉम पेन्हपर्यंत धम्मयात्रा काढली. ते २००७ मध्ये गेले. धम्मयात्रेच्याच वर्षी इकडे पडक्या दवाखान्याची डागडुजी चालू होती. एकीकडे भिक्खू चालत होता, दुसरीकडे डॉक्टर भिंती उभ्या करत होता. धम्मवर्गातल्या मुलीला मी आता हेच सांगितलं, की तो देश बौद्ध कसा हे १९७५ कडे बघून ठरवू नकोस, १९७९ आणि १९९२ ही सालंही वहीत लिहून घे. तिने घेतली. पण तिचं समाधान झालं असं दिसलं नाही, आणि ते बरंच आहे.

डॉ. रिखनर २०१७ साली आजारपणामुळे कामातून निवृत्त झाले. ९ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांचं निधन झालं, वय ७१. टीकाकारांचा जो प्रश्न होता, माणूस गेला म्हणजे काय, त्याला कंबोडियाच्या सरकारने थोडंफार उत्तर दिलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये अंकोरच्या तिकिटाचे दर वाढवले तेव्हा प्रत्येक तिकिटामागे दोन डॉलर या दवाखान्यांना द्यायचं ठरलं. म्हणजे राजाची देवळं बघायला येणारा प्रत्येक माणूस, त्याला माहीत असो वा नसो, एका मुलाच्या सलाईनचा काही भाग भरतो.

आजकाल आपल्यातल्या काही कुटुंबांच्या बौद्ध देशांच्या सहली निघतात, ही आनंदाची गोष्ट आहे. कुणी अंकोरला जाणार असेल तर सहलीच्या माणसाला आधीच सांगून ठेवा. सिएम रीप गावातून अंकोरवाटकडे जाणाऱ्या रस्त्यावरच जयवर्मन सातवा रुग्णालय लागतं. तिथे गाडी थांबवा. आणि निघण्यापूर्वी मला भेटा, धम्मवर्गातल्या मुलांनी तिथल्या मुलांसाठी चित्रं काढून ठेवली आहेत, ती न्यायची आहेत.